कणकेवरची चार बोटं

आमच्या घरात ब्रेड फक्त आजारी माणसासाठी यायचा. म्हणजे सासूबाईंच्या शास्त्रात तरी. त्या रत्नागिरीकडच्या एका खेड्यातल्या. तिथे कुणाला ताप आला, पोट बिघडलं, की तालुक्याला जाणाऱ्याला सांगून पाव मागवायचा आणि चहात कुस्करून आजाऱ्याला भरवायचा, ही रीत. धडधाकट माणसाने उगाच ब्रेड खाल्ला तर दुखणं वाट बघत असतं, असं त्या मनापासून मानायच्या. लग्न होऊन मी डोंबिवलीला या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात सँडविच करावं म्हणून ब्रेड आणला, तर त्यांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

नवरा मात्र ब्रेडवेडा. त्याचं ऑफिस ठाण्याला. घरातून पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचा आणि ऑफिसखाली पोचला की आधी टोस्ट-चहा. आईला न कळू देता. पुढे वजन वाढलं, कुणीतरी सांगितलं म्हणून पांढरा सोडून ब्राउन ब्रेड खायला लागला, आणि मग त्याला इतका अभिमान वाटायला लागला की तो उघड उघड घरी आणू लागला. "आई, हा औषधी ब्रेड आहे," असं त्याने सांगितलं. औषधी म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध आणखी पक्का झाला. आजारी माणसाचं अन्न, वर औषध!

आम्हाला मूल नाही. घरात आम्ही तिघंच, आणि तिघांतली दोघं एकमेकांची चेष्टा करण्यात इतकी पटाईत की मला मध्ये बोलायला जागाच मिळायची नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या मायलेकांचं जग मी आले तेव्हा तयारच होतं, आणि मी त्यात खुर्ची ओढून बसले होते, एवढंच.

मग त्याचं हृदय थकलं. डॉक्टरांचा शब्द वेगळा होता, अर्थ हाच. म्हणे झटका आधीच केव्हातरी येऊन गेला होता. आम्ही तो ॲसिडिटी समजून ओवा चावून घालवला होता. आता हृदयाला रक्त पुरेसं पुढे ढकलता येत नव्हतं, त्यामुळे अंगात पाणी साचत होतं. पावलं सुजायची, दोन जिने चढला की धाप लागायची, आडवा झाला की खोकला. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन गोष्टींवर बंदी आली. मीठ जवळजवळ बंद, पाणी बेतानं.

पाण्याचं त्याने कसंबसं निभावलं. मीठ गेलं तसा माणूसच अळणी झाला. हा सुकटीची चटणी आणि कैरीचं लोणचं ताटात नसेल तर "आज उपास आहे का?" विचारणारा. बिनमिठाची भाकरी त्याला घशाखाली उतरेना. बिनमिठाची आमटी त्याने एकदा तोंडात घेतली आणि परत वाटीत सोडली, लहान मुलासारखी. सासूबाई बाजूला बसल्या होत्या. त्यांनी ती वाटी उचलली, मोरीत नेली आणि बराच वेळ विसळत राहिल्या. खाणं कमी झालं तसा तो झपाट्याने उतरायला लागला. म्हणजे पाय जाड आणि दंड बारीक. ते बघवत नसे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आम्ही देऊ, पण याला खायला घालणं तुमचं काम. अंगात ताकदच राहिली नाही तर औषधं तरी कशावर चालणार?

"मला टोस्ट द्या," तो म्हणायचा. "ब्राउन ब्रेडचा. तो तरी हेल्दी आहे ना?"

हॉस्पिटलातल्या आहारवाल्या मुलीला मी तेच विचारलं. तिने मला आमच्याच ब्रेडच्या पिशवीवरची मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. आधी मैदा, मग रंग, आणि मीठ भरपूर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इतकी वर्षं आमचा शहाणा माणूस तपकिरी रंगावर भाळून खारट मैदा खात होता आणि आईला औषधी म्हणून सांगत होता. मला त्या मुलीसमोर रडू यायच्या ऐवजी हसू आलं. ती बिचारी घाबरली.

"घरी करता आला तर द्या," ती म्हणाली. "गव्हाचा, बिनमिठाचा. भाजला की चव लागते त्याला."

तर असा मी घरी ब्राउन ब्रेड करायला लागले. हौस म्हणून नाही, आणि हल्ली मोठमोठ्या टॉवरांत राहणाऱ्या बायका करतात तसा फोटो काढायला तर नाहीच. मी कल्याणच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करत होते, तिथून रजा घेतली. फ्रिजवर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, खाली काढला. कुणीतरी भेट दिलेला, आत आम्ही जास्तीचे डबे ठेवायचो. मोबाइलवर पाच-सहा बायकांचे व्हिडिओ पाहिले. त्या सगळ्या एकच गोष्ट हसत हसत सांगत होत्या, की हे अगदी सोप्पं आहे.

सोपं नव्हतं. पोळीची कणीक मळण्यात माझा हात बसलेला आहे, पण ब्रेडचं पीठ म्हणजे वेगळंच प्रकरण. कोमट पाण्यात गूळ आणि यीस्ट घालायचं, फेस येईपर्यंत थांबायचं, मग त्यात गिरणीवरचं गव्हाचं पीठ आणि जरासा मैदा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला चिकटणारं. खूप मळायचं. त्याचा गोळा करून झाकून ठेवायचा, तो दुप्पट झाला की दाबून हवा काढायची, पुन्हा गोळा करून भांड्यात घालायचा, पुन्हा झाकायचा, पुन्हा फुगू द्यायचा. मगच भाजायचा. घरात ब्रेडचा लांबट डबा नव्हता. केकचं गोल भांडं होतं, त्यात घालायचे.

पहिला ब्रेड बसला. दुसराही बसला. वरून करपलेला, आतून ओला, आणि मधोमध खड्डे. मी व्हिडिओवाल्या बाईला खाली लिहून विचारलं. तिने उलट विचारलं की मीठ किती घालता? अजिबात नाही, म्हटलं. मग ती म्हणाली, मीठ यीस्टला लगाम घालतं, बिनमिठाचं पीठ उधळतं आणि कोसळतं. मला पटलं. मी यीस्ट कमी केलं. ब्रेड बसला. पाणी कमी केलं, बसला. गिरणीवर माझ्या आधी कुणीतरी ज्वारी दळली असेल म्हणून पीठ बदललं, तरी बसला. ओटीजीला शिव्या घातल्या. दर वेळी तेच, वर चार खड्डे. फडक्याच्या चुण्यांचे असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तो तसला ब्रेडही खायचा, बिचारा. पातळ काप करून तव्यावर कडक भाजून दिले की, "जमतंय, जमतंय" म्हणायचा. पण अर्धा काप खाऊन ताटली बाजूला सरकवायचा, आणि मी ताटलीकडे बघते आहे हे दिसलं की पुन्हा एक घास तोडायचा. मला तो घास बघवायचा नाही. माझ्यासाठी खात होता तो. मला ते नको होतं. त्याने भुकेने खावं, एवढंच मला हवं होतं. तो खाईल तर टिकेल, असं मी माझ्यापुरतं गणित बांधलं होतं आणि ते सगळं एका ब्रेडवर येऊन अडलं होतं.

रोज सकाळी त्याची पावलं मांडीवर घेऊन मी नडगीवर अंगठा दाबायची. डॉक्टरांनीच शिकवलं होतं. दाबलेली जागा लगेच भरून आली तर ठीक, खड्डा तसाच राहिला तर पाणी साचलंय. कधी भरून यायची, बहुतेकदा यायची नाही. तो वर छताकडे बघत विचारायचा, "काय म्हणतंय पीठ? तयार झालंय का?" त्याचे असले विनोद मला त्या दिवसांत अजिबात आवडायचे नाहीत.

एका दुपारी मी त्याचं अंग पुसायला खोलीत गेले होते. कोरडा टॉवेल विसरले म्हणून मध्येच परत आले, तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. ब्रेडचं पीठ गोल भांड्यात छान फुगून वर आलं होतं. त्यांनी त्यावरचं पांढरं फडकं उचललं, उजव्या हाताची चार बोटं एकत्र धरली आणि पिठात रोवली. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. पीठ हुश्श करून खाली बसलं. त्यांनी फडकं पुन्हा नीट पांघरलं, कडा सारख्या केल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी अख्ख्या डोंबिवलीतली पिठं बदलली होती.

"आई! काय करताय?"

"काही नाही गं. तू रोज विसरतेस, म्हणून."

"काय विसरते?"

"बोटं."

आता हे सांगायला हवं. कणीक मळून झाली की तिचा गुळगुळीत गोळा तसाच ठेवायचा नाही, त्यावर बोटांचे ठसे उमटवायचे, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. माझी आई करायची, सासूबाई करायच्या, मीही करते. पोळ्यांची कणीक झाकताना माझी बोटं आपोआप जातात. बिनठशाचा गोळा कशासारखा दिसतो, ते सगळ्या बायकांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. ब्रेडच्या पिठाला मात्र मी हात लावत नव्हते. व्हिडिओत बजावून सांगितलं होतं की फुगलेल्या पिठाला धक्कासुद्धा लावू नका. ते चार खड्डे मी जन्मभर रोज कणकेवर बघत आले होते, आणि ब्रेडवर ते मला ओळखू आले नाहीत.

"अहो, पण ही पोळीची कणीक नाही. त्याने ब्रेड बसतो. गेले कित्येक दिवस मी डोकं फोडून घेतेय!"

"बसला तर बसला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, चढायचाच नाही कधी. "असा वाटोळा, गुळगुळीत करून ठेवतेस. वर पांढरं फडकं. घरात माणूस आजारी, त्याच्या दारासमोर. आणि तो नुसता पडून राहत नाही, फुगत जातो. मला नाही बघवत."

पिंड हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. मीही काढला नाही. पण मला राग आला होता, आणि तो रागच होता, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. मी म्हटलं की तुमच्या या बोटांमुळे तुमचा मुलगा उपाशी राहतोय. त्या म्हणाल्या, माझ्या या बोटांमुळेच तो आहे. दोघींचा आवाज खोलीत पोचला असणार, कारण आतून एक विचित्र आवाज यायला लागला. मी धावले. मला वाटलं, धाप लागली.

तो हसत होता. उशीला टेकून, तोंडावर अर्धओला टॉवेल धरून, धाप लागेपर्यंत हसत होता. किती दिवसांनी!

"आई," तो ओरडला, "दाब तू. बिनधास्त दाब. मी खड्डे खाईन." आणि मला म्हणाला, "अगं, तुला तरी हवा काढायचीच असते ना मध्ये? दाखवत होतीस की मला मोबाइलवर. तेव्हा बोलव ना तिला."

इतकं सरळ होतं. पहिल्यांदा पीठ फुगलं की ते दाबून बसवायचंच असतं. मी मूठ मारायची, त्याऐवजी सासूबाईंनी बोटं रोवायची. राहिला दुसरा गोळा. तर मी कल्याणला जाऊन स्टेशनजवळच्या भांडी बाजारातून ब्रेडचा लांबट डबा आणला. सासूबाईंनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "हा लांबोडका आहे, याला नाही लागत," असा निर्णय दिला. भांडण मिटलं.

मग रोज पीठ फुगलं की मी हाक मारायची, "आई, या!" त्या हात धुऊन, पदराला पुसून यायच्या. देवाला फूल वाहताना चेहरा होतो तसा चेहरा करून बोटं रोवायच्या. पीठ हुश्श करायचं. आतून तो विचारायचा, "झालं का? वाचलो का आज?" "गप रे, मेल्या," त्या म्हणायच्या, आणि लगेच जीभ चावायच्या. त्या घरात 'मेल्या' ही शिवी त्यांनी त्या दिवसांत फार कष्टाने सोडली.

ब्रेड फुगायला लागला. वरून खरपूस, आत जाळीदार. भाजलेल्या गव्हाला स्वतःची एक चव असते, ती मिठाने झाकली जाते हे मला तेव्हा कळलं. टोस्ट करून त्यावर लसूण घासून द्यायची. तो ताटली सरकवत नसे. एकदा त्याने स्वतःहून आणखी मागितला, आणि सासूबाई आतल्या खोलीत जाऊन देवासमोर बसल्या. त्यांनीही मग चहात बुडवून खाल्ला. "बरा लागतो की," म्हणाल्या. "आजारी नसतानासुद्धा." मला वाटायला लागलं की जमलं. नडगीवरचा खड्डा काही दिवस भरून आला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी सुखी होते. एवढ्याशा गोष्टीवर माणूस किती इमले बांधतो!

ते फार टिकलं नाही. पावसाळा संपता संपता सूज पावलांवरून पोटरीवर, पोटरीवरून पोटावर चढली. बसल्या जागी धाप लागायला लागली. त्याच्या विम्यात बसणारं हॉस्पिटल घोडबंदर रोडवर, तिकडे ठेवलं. रात्रीला कुणाला थांबू देत नसत. मी रोज डोंबिवलीहून जायची आणि यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याला जरा बरं वाटलं. त्याने फोन केला.

"इथलं खाणं म्हणजे शिक्षा आहे. तुझा ब्रेड आण ना. डॉक्टरांना विचारलंय मी, हो म्हणालेत."

मी लगेच पीठ भिजवलं. "आई, या!" म्हटलं तर त्या आधीच हात धुऊन उभ्या. त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच वेळ बोटं रोवून धरली. ब्रेड इतका सुरेख झाला की मला कापवेना. सबंधच फडक्यात गुंडाळला, वर टॉवेल, पिशवीत घातला आणि गाडी बोलावून निघाले.

घोडबंदर रोडला जे होतं तेच झालं. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला, मेट्रोच्या कामाचे पत्रे लावून रस्ता अर्धा झालेला, आणि गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मांडीवर पिशवी, तिची ऊब साडीतून लागत होती. गाडीभर वास पसरला होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, काय मस्त वास येतोय, बेकरी आहे का तुमची?" मी म्हटलं, नाही हो, घरचा आहे. जरा मिरवलंच मी. दोन्ही बाजूंना चकचकीत टॉवर, त्यांच्या बाल्कन्यांत झाडं, आणि खाली आम्ही सगळे अडकलेले. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. तुम्ही कुठे आहात, लवकर या.

मी गाडीतून उतरले आणि गाड्यांच्या मधून चालायला लागले. धावता येत नव्हतं, इतक्या त्या एकमेकांना चिकटलेल्या. हॉर्न वाजत होते. पिशवी मी छातीशी धरली होती. ती टाकून द्यावी, असं मनातसुद्धा आलं नाही. मला खरोखर वाटत होतं की ब्रेड गरम आहे तोवर पोचायला हवं.

दारावरच्या माणसाने पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणाला. मी त्याला सांगितलं, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, बिनमिठाचा आहे. बिनमिठाचा आहे, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते. वर गेले तेव्हा त्याला आयसीयूत हलवलं होतं, तोंडात नळी होती. तो शुद्धीवर आला नाही. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. शेजारच्यांनी सांगितलं होतं त्यांना. बाकी काही विचारलं नाही त्यांनी. पिशवीकडे बघत म्हणाल्या, "खाल्लंन का त्याने?"

मी नाही म्हटलं. हो म्हणता आलं असतं. पण माझ्या तोंडातून नाही आलं, आणि त्या जमिनीवर बसल्या.

पुढच्या धांदलीत ती पिशवी कुणीतरी दाराआडच्या खुंटीला अडकवली. दिवसकार्य उरकल्यावर मला सापडली. आत ब्रेड होता. वरून हिरवा, निळसर, केसाळ. मी तो फडक्यासकट कचऱ्यात टाकला.

दहाव्याला मी गेले होते. सासूबाई आल्या नाहीत. कावळ्याचं काय झालं, ते मी सांगणार नाही. सगळे नेमकं तेच विचारतात, जणू त्यावरून माणसाची परीक्षा घ्यायची असते. माझं लक्षच नव्हतं तिकडे. मी गुरुजींचे हात बघत होते. भाताचे पिंड करत होते ते, ओल्या तळव्याने फिरवून, छान गोल, एकही रेघ न ठेवता. गुरुजी सांगतील तसं चुलतदीर पाणी सोडत होता. कुणी त्या गोळ्यांवर बोट ठेवत नव्हतं. ठेवायचं नसतंच. माझी बोटं मात्र शिवशिवत होती. मी ती पदरात घट्ट गुंडाळून ठेवली.

मग पाहुणे गेले आणि घरात आम्ही दोघी उरलो. मी कॉलेजला जायला लागले. स्वयंपाक सासूबाई करत. एक दिवस डब्यासाठी मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि त्यांनी मळलेल्या कणकेवरची ताटली उचलली, तर गोळा गुळगुळीत. कुठे ठसा नाही. मला वाटलं विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तसाच. तिसऱ्या दिवशीही. आयुष्यभर ज्या हाताने एक उंडा कधी असा झाकला नव्हता, तो हात आता सरळ कणीक गोळा करून बाजूला होत होता. ताटली उचलताना मी दुसरीकडे बघायला लागले.

त्यानंतरच्या एका रविवारी मी ब्रेडचं पीठ भिजवलं. का, ते विचारू नका. यीस्टचं पाकीट उघडं होतं. गव्हाचं पीठ होतं. हातांना सवय होती. सासूबाई दुपारचं नीट जेवत नव्हत्या, त्यांना चहाबरोबर होईल, असंही वाटलं. पीठ फुगून परातीच्या काठाशी आलं तेव्हा सवयीने हाक मारली, "आई, या!"

त्या बाहेर मेथी निवडत होत्या. उठल्या नाहीत.

"आई, दाबायचंय."

"आता कुणासाठी?" त्या म्हणाल्या. त्यात कडवटपणा नव्हता. आज दूध किती घ्यायचं, असं विचारावं तसं विचारलं त्यांनी. मेथीची जुडी सोडली, एक काडी उचलली, पानं खुडली.

मी दारात उभी होते, हाताला पीठ. मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि असं काही आतून उसळून आलं की तो गेला त्या दिवशीही आलं नव्हतं. या घरात मी इतकी वर्षं राबले, मीठ मोजलं, पाय चेपले, त्या रस्त्यावरून पिशवी घेऊन चालत गेले. आणि ज्यांच्यासाठी ती बोटं रोवायची, त्यांत मी नव्हतेच. कधीच नव्हते.

"मी आहे की," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, चिरकला होता. "मी अजून मेले नाहीये, आई."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आपल्याच घरात कुणी अनोळखी माणूस उभा दिसावा, तसं पाहिलं. मी आत गेले, पिठात मूठ मारली, जोरात मारली, लांबट गोळा करून डब्यात घातला, फडकं टाकलं आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला निघून गेले. तिथे मी रडले. उन्हात, चादरींच्या मध्ये उभी राहून.

खाली आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या, माझ्याकडे पाठ करून. हात ओले होते. डब्यातलं पीठ वरपर्यंत आलेलं असणार, आणि आता ते खाली गेलं होतं. चार बोटं, पार बुडापर्यंत रोवलेली. लांबोडक्या डब्याला लागत नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

मी पुन्हा फुगायची वाट बघितली नाही. तसाच ओटीजीत ठेवला. त्या पाटावर बसून काचेतून बघत राहिल्या, मी चहा टाकला.

"बसला का गं?" मी डबा बाहेर काढल्यावर त्यांनी विचारलं.

"बसला," मी म्हटलं.

वरून करपला होता, आतून ओला होता, आणि मधोमध चार खड्डे. जाड जाड काप केले, सुरी चालत नव्हती. आम्ही दोघींनी तो चहात बुडवून खाल्ला, संपेपर्यंत.